‘अंतर्ज्योती’चे मूळ कोठे?

बीटल्स या इंग्रज गायकवृंदाचे ‘द इनर लाइट’ हे गीत कानी पडताच आपल्यापैकी अनेकांचा समज होतो की, हे शब्द उपनिषदांतलेच असावेत. साथीला सरोद आणि बासरी, नाव ‘अंतर्ज्योती’ अशा अर्थाचे. दुसरे काय वाटावे? परंतु हा समज खरा नाही, आणि परक्याचे धन आपल्या घरचे म्हणून मिरविणे आपणांस शोभणारे नव्हे.

शब्दांचे मूळ चिनी आहे. लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’चा सत्तेचाळिसावा अध्याय हा त्यांचा आधार. जॉर्ज हॅरिसनच्या हाती तो आला हुआन मास्कारो यांच्याकडून. मायोर्का बेटात जन्मलेले, केंब्रिजला स्थिरावलेले हे संस्कृतज्ञ. त्यांचा भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९५८ मध्ये त्यांनी ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हा नाना धर्मांतील वेच्यांचा संग्रह काढला होता. १९६७ च्या नोव्हेंबरात हॅरिसनला पत्र लिहून, त्यातील ताओचे वचन संगीतात बांधावे, असे त्यांनी सुचविले. गीतेच्या अनुवादकाने गीता बाजूस ठेवून लाओत्से पुढे करावा, यात मला त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

हॅरिसनची स्वतःची भर थोडी, पण मार्मिक आहे. घराबाहेर न पडता जग जाणता येते, हा मूळ वचनातला सिद्धांत कोणा एकाचा नाही. हॅरिसनचे पहिले कडवे तो ‘मी’ म्हणून बोलते, दुसरे तोच ‘तू’ म्हणून. एवढ्या सर्वनामाच्या पालटाने सिद्धांताचा अनुभव होतो आणि अनुभवाचा उपदेश. आपल्या कीर्तनकारांना ही हातोटी अपरिचित नाही. शेवटी मात्र तोल ढळतो. मुळात तेथे ज्ञानी पुरुषाचे वर्णन आहे. गीतात तो पुरुष नाहीसा होऊन नुसती आज्ञा उरते. साधनेने मिळणारी अवस्था जणू कोणालाही सांगताक्षणी लाभावी!

आणखी एक उणीव. आपल्या संतांच्या अभंगांत कर्त्याची नाममुद्रा असते. या गीताचा कर्ता म्हणून एकट्या हॅरिसनचे नाव लागले, लाओत्सेचे नाही की मास्कारोंचे नाही. पुढे १९८० मध्ये ‘आय मी माइन’ या आपल्या पुस्तकात त्याने मास्कारोंचे पत्र छापून ऋण मान्य केले, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद केलीच पाहिजे.

उंबरठा न ओलांडण्याची थोरवी गाणाऱ्या या गीताचे संगीत मात्र मुद्रित झाले मुंबईस, जानेवारी १९६८ मध्ये. तेव्हा हॅरिसन लंडनहून सातासमुद्रापलीकडे आला होता.