होडीतून दिसतं ते अरण्य

किनाबातांगनच्या सफरीची गोष्ट होडीत बसल्यावर सुरू होते. माझी पहिली तक्रार तीच आहे.

बोर्निओ बेटाच्या उत्तरेला मलेशियाचं साबा राज्य आहे, आणि किनाबातांगन ही तिथली सर्वांत लांब नदी, 560 किलोमीटरची. तिच्या खालच्या पूरमैदानात सुकाउ नावाचं गाव लागतं. तिथल्या लॉजमधून रोज पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास होड्या सुटतात. तीन दिवस, दोन रात्री, सोबत गाइड. हा साचा इतका पक्का झालाय की त्याला एक कथाप्रकार म्हणायला हरकत नाही. माणसं तो अनुभवतात आणि घरी येऊन त्याच क्रमाने, त्याच विशेषणांत सांगतात. मीही सांगितला. म्हणून त्याची समीक्षा करायचा हक्क माझ्याकडे आहे असं समजतो.

गुण आधी, कारण ते खरे आहेत. संध्याकाळी इंजिन बंद करून होडी मेनांगुल नावाच्या उपनदीत शिरते, तेव्हा वेळ आणि जागा यांची निवड अचूक असते. प्रोबोसिस माकडं दिवसभर आत पानं खातात आणि झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. नर मोठ्या नाकाचा, सुटलेल्या पोटाचा, फांदीवर आरामखुर्चीत बसावं तसा बसलेला. मलय भाषेत या माकडाला ‘मोन्येत बलांदा’ म्हणजे डच माकड असंही नाव आहे. वसाहतीच्या साहेबाचं याहून नेमकं व्यक्तिचित्र माझ्या वाचनात नाही. दुसऱ्या पहाटे धुक्यातून गेंडाधनेशाची जोडी डोक्यावरून गेली. पंखांचा आवाज आधी आला, पक्षी नंतर. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत आणि आठही या खोऱ्यात आढळतात. दोन दिवसांत आम्ही पाच पाहिल्या. शिवाय एक ओरांगउटान, आणि काठावर गवत उपटणारा हत्तींचा कळप.

इतकं सगळं दोन दिवसांत? मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एखादा आकडा अपेक्षेपेक्षा फार चांगला आला तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारतात, मोजलं कुठे?

मोजलं होतं नदीवरून. आणि नदीकाठ सोडला तर मोजायला फारसं उरलेलंच नाही. आधीच्या काही दशकांत इथली मोठी झाडं लाकडासाठी तोडली गेली, मग जमीन तेलमाडाखाली गेली. 2005 मध्ये इथे जे अभयारण्य घोषित झालं ते सुमारे 26,000 हेक्टरचं, आणि तेही दहा तुकड्यांत. तुकड्यांच्या मागे आणि मध्ये मळे. हत्ती काठावर दिसतात कारण त्यांची वाट आता बऱ्याच ठिकाणी काठावरूनच जाते. म्हणजे पर्यटकाला जी समृद्धी वाटते, तिच्यात दाटीवाटीचा मोठा वाटा आहे. गाळ्यात कोंबलेलं बिऱ्हाड बघून ‘किती भरलेलं घर’ म्हणावं, तसं.

होडी हे लपवते असं नाही, पण तिच्यातून ते दिसत नाही. नदीच्या कडेला ऊन भरपूर, त्यामुळे वेली आणि झुडपं भिंतीसारखी वाढतात. पाण्याच्या पातळीवर बसलेल्या माणसाला ती भिंत किती जाड आहे हे कळायला मार्ग नाही. आपल्याकडे असं काही दिसलं की हात आपोआप ‘घनदाट’ लिहितो. माझ्या टिपणवहीत हा शब्द चार वेळा आहे. वास्तविक उंच वर्षावनाच्या पोटात जमिनीलगत अंधार असतो आणि झाडोरा बराच विरळ. घनदाट असते ती कड. एका वळणावर झाडांच्या मागून उजेड आला आणि त्या उजेडात सारख्या अंतरावर लावलेले माड दिसले. गाइडने त्याच क्षणी समोरच्या काठावरचा खंड्या दाखवला. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. खंड्या खरोखर होता.

गाइडबद्दल मात्र जपून लिहायला हवं. पर्यटकांच्या कथनात तो बहुधा ‘तीक्ष्ण नजरेचा’ एवढ्यावर संपतो. ही रीत जुनी आहे. ज्याला आज वॉलेसचा स्टँडर्डविंग म्हणतात, तो स्वर्गपक्ष्यांच्या (बर्ड ऑफ पॅरडाइज) कुळातला पक्षी 1858 मध्ये बाचान बेटावर वॉलेसकडे घेऊन आला तो त्याचा मदतनीस अली, सारावाकचा मलय मुलगा. पक्ष्याला नाव वॉलेसचं मिळालं. किनाबातांगनच्या सफरीचा खरा लेखक गाइड असतो. काय दाखवायचं, कुठे गप्प बसायचं हे तोच ठरवतो. आमच्या गाइडने बोर्नियन ग्राउंड कक्कू या दुर्मीळ, जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्याची ध्वनिमुद्रित साद मोबाइलवरून वाजवली. आपल्या हद्दीत कोण आलं हे बघायला पक्षी झुडपातून बाहेर आला, कोणी न दिसल्याने इकडेतिकडे धावला. आम्ही फोटो काढले. हा त्या दोन दिवसांतला सर्वांत नाट्यमय प्रसंग, आणि सर्वांत खोटा.

पण ओरांगउटानांसाठी उपनदीवर बांधलेले दोरांचे पूल त्याने आपणहून दाखवले. वरून फांद्या जुळाव्यात एवढी मोठी झाडं उरली नाहीत, म्हणून ते बांधावे लागले. धनेशांसाठी टांगलेल्या कृत्रिम ढोल्याही दाखवल्या. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. जुनं झाडच नसेल तर लिंपणार काय? होडीतल्या लोकांनी या दोन्ही गोष्टी गंमत म्हणून पाहिल्या. खरं तर सबंध सफरीची किल्ली तिथे होती.

रात्री जेवणानंतर मी माडांचा विषय काढला. त्याने शांतपणे सांगितलं की त्याच्या भावाचीही थोडी लागवड आहे. सुकाउजवळ नदीवर मोठा पूल व्हायचा होता. जंगल आणखी तुटेल म्हणून झालेल्या विरोधात डेव्हिड ॲटनबरोही होते, आणि 2017 मध्ये सरकारने तो बेत सोडला. गाइडच्या घरच्यांना तो पूल हवा होता. त्याला स्वतःला? त्याने खांदे उडवले, आणि सकाळी सहाला तयार राहा म्हणाला. हे संभाषण सफरीच्या कार्यक्रमात नव्हतं. असायला हवं होतं, इतकं ते तिच्या गाभ्याचं होतं.

पुण्याहून नेलेल्या चिवड्याच्या पाकिटावर घटकांमध्ये पामोलिन लिहिलेलं होतं. ते याच खोऱ्यातलं असेलच असं नाही. पण जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आपला आहे, आणि प्रेक्षक म्हणून होडीत बसलेला मी गोष्टीच्या बाहेर नव्हतो, एवढं त्यावरून कळलं.

सांदाकान ते सुकाउ रस्त्याने दोन-अडीच तास लागतात, आणि त्यातला बहुतेक वेळ दोन्ही बाजूंना तेलमाडच. येताना व्हॅनमध्ये सगळे झोपले होते, कारण सफर अजून सुरू व्हायची होती. परतताना मी जागा राहिलो आणि रस्त्याची वेगळी यादी केली: बगळे, दयाळ, बुलबुल, मुनिया, एकदा सर्पगरुड. गाइड पुढच्या सीटवर होता. तिसऱ्या की चौथ्या पक्ष्यानंतर तो मागे वळला आणि विचारलं, हे कशाला लिहितोयस? मग खिडकीतून बघत त्याने स्वतःच एक नाव सांगितलं, जे माझं सुटलं होतं.