गुलाबाचे काटे कोणाचे?

आपल्या महिला मंडळांच्या हस्तलिखितांत, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, कवितेच्या स्पर्धांत एक गुलाब ठरलेला असतो. बाई म्हणजे काट्यांत फुललेला गुलाब. टोचून घेते, सोसते, तरी सुगंध देते. ऐकायला गोड, टाळ्याही पडतात. पण ही उपमा मला पटत नाही.

मुळात गुलाब आपल्याकडे प्रतीक म्हणून उशिरा आलेला पाहुणा. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण ते नाव फुलालाच देऊन टाकलं. जुना अर्थ 'अत्तरगुलाब' या शब्दात अजून शिल्लक आहे. लग्नाकार्यात गुलाबदाणीतून शिंपडतात ते स्वागताचं पाणी. तिथे ना प्रेमाची खूण, ना दुःखाची.

आपल्या परंपरेत शोधलं तर? पद्मप्रभ भगवंतांचं लांछन कमळ, नमिनाथांचं नीलकमळ. आपण ४८ श्लोकांचं भक्तामर म्हणतो, त्यातल्या पुष्पवृष्टीच्या श्लोकात मंदार, नमेरू, पारिजात आहेत. कामदेवाचे पाच बाण कमळ, अशोक, आंब्याचा मोहोर, नवमल्लिका आणि नीलकमळ यांचे. गुलाब कुठेच नाही. आणि अष्टद्रव्यांत आपण फूल वाहतो ते कशासाठी? कामबाणाचा नाश व्हावा म्हणून. ग्रीकांनी गुलाब प्रेमदेवतेला दिला. आपण फूल वाहतो ते वासना सुटावी म्हणून. एकाच वस्तूचे असे उलटे अर्थ होतात, म्हणजे अर्थ फुलात नसतो, आपण तो घालतो. मग तो तपासायला नको का?

काट्याचंही तसंच. ख्रिस्ती परंपरेत एक समजूत आहे की, नंदनवनातल्या गुलाबाला काटे नव्हते, माणसाने पाप केल्यावर ते आले. म्हणून मेरीला बिनकाट्यांचा गुलाब म्हणतात. आपल्या कवितेतली बाई थेट तिथूनच आली असं मी म्हणत नाही. पण विचार तोच आहे: काटा म्हणजे फुलाचं दुर्दैव.

झाड मात्र वेगळं सांगतं. गुलाबाचे काटे गुलाबाचेच असतात, त्याच्याच सालीतून उगवलेले. ते आतल्या लाकडातून येत नाहीत. अंगठ्याने आडवं दाबलं तर मोडून येतात. त्यांच्या आधाराने वेल वर चढते, खाणाऱ्या जनावराला अडवते. फुलाला काटे टोचत नाहीत हो! टोचतात तोडणाऱ्याच्या हाताला. आणि आमच्या गुंजीच्या पावसात गुलाबाची पानं काळे ठिपके पडून गळतात, ती बुरशीने. काट्यांचा त्यात काही दोष नसतो.

म्हणजे कवितेत छळणाऱ्यांना काटे आणि बाईला फूल म्हटलं की झाडाचा अर्थच उलटा होतो. तिचं स्वतःचं संरक्षण तिचं दुःख ठरतं, आणि खरी बुरशी कवितेत येतच नाही.

कोणी म्हणेल, "ताई, सोसणं हा तर आपला धर्मच." थोडं थांबावं. बावीस परीषह मुनी सोसतात ते स्वतः व्रत घेऊन, कर्मनिर्जरेसाठी. घरातला जाच बाईने मागून घेतलेला नसतो. त्याला परीषहाचं नाव दिलं की जाच करणारा मोकळा सुटतो. दशलक्षण पर्वात पहिला दिवस उत्तम क्षमेचा. पण क्षमा ज्याच्या हाती काही असतं तो करतो. जिला बोलायचीच सोय नाही, तिच्या गप्प बसण्याला क्षमा म्हणणं हा क्षमेचाही अपमान आहे.

गुलाबावर लिहू नये असं नाही. गुलकंदावर लिहा, अत्तरगुलाबावर लिहा, पूजेच्या तबकातल्या फुलावर लिहा. आणि काट्यांवर लिहायचं असेल तर बाईचे काटे तिचे तिला परत द्या. तिचं 'नाही' म्हणणं, माहेरच्या हिश्श्याबद्दल विचारणं, लेकीला शिकवायचंच म्हणून अडून बसणं, हे सगळे काटेच की. अशी कविता कोणी वाचली, तर टाळी वाजवणाऱ्यांत मी पहिली असेन.