परक्याची दृष्टी आणि जपानी कचेरी

जपानी उद्योगसंस्थांतील वर्तनाविषयी परकीयांनी जे लेखन केले आहे, त्यात वर्णनाची बाजू बहुधा अचूक आणि कारणमीमांसेची बाजू बहुधा लंगडी असते. सभेत कोणी उघड विरोध करीत नाही, हे निरीक्षण खरे. परंतु त्यावरून जपानी मनुष्य स्वभावतःच सामंजस्यप्रिय आहे असे जे अनुमान काढले जाते, ते घाईचे होय. 'नेमावाशी' हा शब्द मूळचा बागकामातला. मोठे झाड दुसरीकडे लावावयाचे तर आधी त्याच्या मुळांभोवती खणून घ्यावे लागते. ती क्रिया म्हणजे नेमावाशी. कचेरीत तिचा अर्थ असा की, सभेपूर्वीच प्रत्येक संबंधिताला एकेकटे गाठून त्याच्या हरकती ऐकावयाच्या व शक्य तेवढ्या मिटवावयाच्या. 'रिंगी' पद्धतीत लेखी प्रस्ताव खालून वर फिरतो आणि त्यावर एकामागून एक शिक्के उमटतात. विरोध येथे नाहीसा झालेला नसतो. तो आधीच, दाराआड होऊन गेलेला असतो. पाहुण्याला दिसतो तो केवळ शेवटचा विधी, आणि त्यालाच तो विचारविनिमय समजतो.

या लेखनपरंपरेचा आरंभ म्हणून जेम्स अ‍ॅबेग्लेन यांच्या 'द जॅपनीज फॅक्टरी' (१९५८) या ग्रंथाकडे बोट दाखविले जाते. कामगार आणि कारखाना यांच्यातील आजन्म बांधिलकीची कल्पना जगभर रूढ झाली ती या ग्रंथामुळे. औद्योगिकीकरण झाले म्हणजे सर्व समाज एकाच साच्याचे होतात, या तत्कालीन समजुतीला अ‍ॅबेग्लेन यांनी दिलेला धक्का आजही मोलाचा वाटतो. तथापि, त्यांनी या बांधिलकीचे मूळ उद्योगपूर्व काळातील समाजसंबंधांत शोधले, आणि तेथेच इतिहास निसटला. अँड्र्यू गॉर्डन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जड उद्योगांच्या अभ्यासात दिसते ते असे : विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी कारागीर सर्रास कारखाने बदलीत असत, आणि पुढे जी स्थैर्याची व्यवस्था आली ती मालक, कामगार व शासन यांच्या दीर्घ ओढाताणीतून घडत गेली. १९५० मध्ये टोयोटा कंपनीत मोठी नोकरकपात झाली व संस्थापक कीइचिरो तोयोदा यांना अध्यक्षपद सोडावे लागले; १९६० मध्ये मीइके कोळसाखाणीतील संघर्ष महिनोन्‌महिने चालला. ज्याला परंपरा म्हटले गेले, ते पुष्कळ अंशी तहनामे होते.

नाकाने चिए यांचे विवेचन अधिक खोल जाते. त्या जपानीच, परंतु स्वदेशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी घडली ती बाहेर, आणि त्यातही भारतात. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी येथे क्षेत्रकार्य केले. गारो व खासी समाजांवर लिहिले. १९६७ मध्ये जपानी भाषेत प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे 'जॅपनीज सोसायटी' (१९७०) या इंग्रजी रूपाने जगाला परिचित झालेल्या त्यांच्या सिद्धान्तात दोन संकल्पना आहेत : 'शिकाकु' म्हणजे व्यक्तीचा गुणधर्म (जात, व्यवसाय, पदवी) आणि 'बा' म्हणजे ती ज्या चौकटीत वावरते ती जागा. जपानी नोकर आपली ओळख सांगताना हुद्दा नव्हे, तर कंपनी सांगतो. याच्या उलट टोकाला नाकाने हिंदू जातिसंस्था ठेवतात. सुनेचे उदाहरण मराठी वाचकाला विशेष जाणवेल. हिंदू सुनेला माहेर असते, पाठीराखा भाऊ असतो, शेजारच्या घरांतील सुनाही तिची बाजू घेतात. जपानी सुनेला मात्र सासूशी एकटीनेच झुंजावे लागते, कारण ती आता सर्वस्वी त्या घराची झालेली असते. हाच न्याय कचेरीला लावला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. एका कंपनीतील हिशेबनीस दुसऱ्या कंपनीतील हिशेबनीसाचा भाऊबंद नसतो. कचेरीतल्या माणसाला, थोडक्यात, माहेर नाही.

एवढा मार्मिक सिद्धान्त एका ठिकाणी मात्र अडतो. चौकट आहे हे नाकाने सांगतात. चौकटीच्या उंबरठ्यावर कोणाला ठेवले आहे, हा प्रश्न त्या जवळजवळ विचारीतच नाहीत. हंगामी कामगार, उपकंत्राटी कारखान्यांतील मजूर, विवाह होताच नोकरी सोडतील असे गृहीत धरलेल्या स्त्रिया यांच्या अस्थिरतेवर कायम नोकरांचे स्थैर्य उभे होते. समान संधीचा कायदा १९८५ मध्ये संमत झाला. तरी आज जपानमधील एक तृतीयांशाहून अधिक नोकरवर्ग नियमित नोकरीच्या बाहेर आहे.

हा उंबरठा सिद्धान्तग्रंथांपेक्षा एका छोट्या फ्रेंच कादंबरीत स्पष्ट दिसतो. बालपणाची काही वर्षे जपानमध्ये घालविलेल्या बेल्जियन लेखिका आमेली नोतोंब यांच्या १९९९ च्या 'स्त्युपर ए त्रांब्लमाँ'ची नायिका एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून येते. पाहुण्यांना कॉफी देताना ती अस्खलित जपानी बोलते, पाहुणे अस्वस्थ होतात, आणि तिला आज्ञा होते की यापुढे तिला जपानी समजता कामा नये. परका भाषेने आत येऊ शकतो ही भाबडी समजूत येथे एका आज्ञेत संपते. कादंबरीत अतिशयोक्ती आहे, काही अधिकारी केवळ व्यंगचित्रे आहेत, आणि राष्ट्रस्वभावावरील लांबलचक भाष्ये गाळली असती तर बरे झाले असते. परंतु फुबुकी मोरी या वरिष्ठ स्त्रीचे चित्र निराळ्या तोलाचे आहे. नायिकेने आपल्या कामाबाहेरचा एक अहवाल तयार केला, ही तक्रार वर पोचविणारी हीच. कारण विचारता तिचे उत्तर सरळ असते : या जागेवर येण्यासाठी तिला वर्षे सोसावी लागली, आणि ही नवखी ते अंतर काही आठवड्यांत कापू पाहत होती. या उत्तरात सामंजस्याचा लवलेश नाही, परंपरेचाही नाही. चौकटीत महत्प्रयासाने मिळविलेल्या तसूभर जागेचा तो हिशेब आहे. अ‍ॅबेग्लेन यांच्या कारखान्यात किंवा नाकाने यांच्या चौकटीत तो मांडावयास स्वतंत्र रकाना नाही.