सल्याची मराठी

आमच्या घरी संध्याकाळचा टीव्ही अम्मीच्या ताब्यात असतो. मगरिबची नमाज झाली की तिच्या मराठी मालिका सुरू होतात. शेजारच्या काकूही येऊन बसतात. अम्मी काटोलकडची; घरात आमची उर्दूमिश्रित बोली, पण काकूंशी तिचं अस्सल तिकडचं मराठी. एकदा मालिका चालू असताना ती मध्येच म्हणाली, "काय व, या गावात आपलं एकबी घर नाही काय?"

मी पाहत राहिले. गाव चांगलं ऐसपैस होतं. वाडा, मंदिर, सरपंच, किराणा दुकान, शाळा, सारं होतं. मुसलमान तेवढा नव्हता. काकू म्हणाल्या, "येईन ना, गणपतीच्या भागात येईन एखादा." दोघी खूप हसल्या. मी मराठीची शिक्षिका. मला मात्र पुरतं हसू आलं नाही. कारण तो एखादा येतो तेव्हा कसा बोलतो, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. चार पिढ्या त्याच गावात काढलेला असला, तरी "हम तुमको बोलता है" असलं काहीतरी. असं हिंदी तर मोमिनपुऱ्यातही कोणी बोलत नाही.

तेव्हापासून मी सिनेमा, मालिका, पुस्तक काहीही असो, आधी कान लावते. पुढं लिहिलेली मतं अशी घरगुती आहेत. त्यांना समीक्षा म्हणण्याचा आग्रह नाही.

'सैराट' (२०१६) नुकताच पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी शेवटानं इतकं सुन्न केलं होतं की बाकीचं लक्षातच राहिलं नाही. या वेळी मी सल्याकडे पाहत होते. परश्याचे दोन जिवलग, लंगड्या आणि सल्या. सल्या म्हणजे सलीम. नागराज मंजुळे यांनी त्याच्याबद्दल काहीच समजावून सांगितलेलं नाही. अरबाज शेखनं रंगवलेला हा पोरगा करमाळ्याच्या इतर पोरांसारखीच मराठी बोलतो, तशाच शिव्या देतो, मित्राच्या प्रेमासाठी तसाच मार खातो. सिनेमात त्याला देशप्रेम सिद्ध करावं लागत नाही, की ईदची शीरखुर्मा वाटावी लागत नाही. मराठी पडद्यावर ही फार मोठी गोष्ट घडली आणि तिची फारशी चर्चाही झाली नाही. एका अर्थी बरंच झालं. चर्चा झाली असती तर पुढच्या सिनेमात सल्याला भाषण द्यावं लागलं असतं.

त्यांचाच 'झुंड' (मार्च २०२२) तर आमच्या नागपूरचा. विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलकडे वळवलं, त्या कामावर तो बेतलेला आहे. अमिताभ बच्चन त्यात आहेत, पण मला ऐकायची होती ती पोरं. टॉकीजमध्ये पहिलं "बे" ऐकू आलं तेव्हा सगळं थिएटर आपलंच कोणी बोलल्यासारखं हसलं. पुण्या-मुंबईचे लोक आमच्या "करून राहिला" ला हसतात. त्यांना ते अशुद्ध वाटतं. पण गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलेलं हे शहर. १९५६ पर्यंत ते मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. उत्तरेतून आलेले विणकर, इथले कोष्टी, तेलुगू मजूर, हिंदी कारकून यांच्यात ही भाषा कालवली गेली. इथं हिंदी मराठीच्या चालीनं चालते आणि मराठी हिंदीच्या. कोण काय बोलतो यावरून त्याचा धर्म ओळखायला गेलात तर फसाल. 'झुंड'मध्ये अंकुश गेडामचा डॉन आणि त्याची टोळी हेच बोलतात. हिंदी सिनेमात नागपूरचं हिंदी इतकं खरं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

तक्रारी आहेत. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. कोर्टातलं बच्चनसाहेबांचं भाषण मला अनावश्यक वाटलं. तोवर जे दाखवून झालं होतं तेच तिथं सांगितलं जातं. आणि रझिया! लेकरांची आई असलेली, संसारात पोळलेली ही बाई फुटबॉल खेळायला येते. तिची गोष्ट मात्र दिग्दर्शक चार पावलं चालून सोडून देतो. डॉनच्या गॉगलला जितका वेळ मिळाला त्याच्या अर्धा तरी रझियाला मिळायला हवा होता.

पण एका भागासाठी मी सगळं माफ करते. रिंकू राजगुरूनं केलेली गोंड मुलगी मोनिका. तिला स्पर्धेसाठी परदेशी जायचं आहे, पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा हवा. बाप-लेक या दारातून त्या दारात फिरतात. जंगलात ज्यांचे पूर्वज कोण जाणे कधीपासून राहत आले, त्यांनी आपण आहोत हे कागदावर दाखवायचं. हे पाहताना मला २०१९-२० चा हिवाळा आठवला. नागरिकत्वाच्या कायद्यानंतरचे ते दिवस. आमच्या मोहल्ल्यात घरोघरी लोखंडी पेट्या उघडल्या गेल्या होत्या. अम्मीचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे निघालं: खैरुन्निसा, खैरुनिसा आणि शाळेच्या दाखल्यावर चक्क 'खैरूबी'. ज्या कारकुनानं जसं ऐकलं तसं त्यानं लिहिलं. ते दुरुस्त करण्यासाठी मी ज्या कचेरीत गेले तिथल्या साहेबांनी माझा अर्ज वाचून कौतुकानं म्हटलं, "मॅडम, तुमची मराठी किती छान आहे हो!" त्यांचा हेतू वाईट नव्हता. घरी येताना मात्र मी ऑटोत गप्प होते.

'झुंड'च्या महिनाभर आधी 'रॉकेट बॉईज' ही हिंदी वेब मालिका आली होती. मुलीच्या आग्रहानं पाहिली. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांची कथा. सुरेख सजवलेली, अभिनयही उत्तम. तिथं प्रश्न नावाचाच आहे. भाभांचा प्रतिस्पर्धी म्हणून रझा मेहदी नावाचा कोलकात्याचा शास्त्रज्ञ उभा केला आहे. असा शास्त्रज्ञ इतिहासात नाही. भाभांच्या अणुधोरणाचे खरे टीकाकार होते मेघनाद साहा. जातीमुळे अपमान सोसत, गरिबीतून वर आलेला हा थोर माणूस १९५२ साली लोकसभेवरही निवडून गेला. अनेकांना रझामध्ये साहांची सावली दिसली, मलाही दिसली. पात्र काल्पनिक करायला हरकत नाही. पण काल्पनिकच करायचं तर संशयाचं धुकं ज्याच्याभोवती फिरवायचं त्याला नेमकं हेच नाव का सुचावं? यात साहांची जात पडद्याबाहेर गेली आणि मेहदीसाहेबांच्या वाट्याला संशय आला. पुढच्या भागात काय होतं ते सांगत नाही, बघणाऱ्यांची मजा जाईल.

'हलाल' (२०१७) मी उशिरा पाहिला. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी काढलेला. सर्वोच्च न्यायालयाचा तीन तलाकवरचा निकाल २२ ऑगस्टला आला आणि ऑक्टोबरमध्ये हा सिनेमा, त्यामुळे अनेकांना तो निकालावर बेतलेला वाटला. राजन खान यांची कथा त्याच्या कितीतरी आधीची. सिनेमातली माणसं मराठीत भांडतात आणि मराठीतच रडतात, हे मला आवडलं. चिन्मय मांडलेकरांचा मौलाना तर खलनायक नाहीच. पेचात सापडलेला, आतून हललेला माणूस आहे. पाहून झाल्यावर पहिली प्रतिक्रिया मात्र चिडचिडीची होती. एक अख्खा मराठी सिनेमा आपल्यावर निघतो आणि त्यातही तलाकच? आमच्या घरात दहावीचे निकाल नसतात, कर्जाचे हप्ते नसतात, सासू-सुनेचं पाणी भरण्यावरून वाजत नाही?

चिडचीड फार टिकली नाही. हा प्रश्न बाहेरच्यांनी आपल्यावर लादला, असं म्हणायची सोय नाही. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लीम बायका मोर्चा घेऊन निघाल्या होत्या, हमीद दलवाईंच्या पुढाकारानं. तिथून न्यायालयाच्या निकालापर्यंत ५१ वर्षं गेली. दलवाईंशी आपल्यातले पुष्कळ जण सहमत नाहीत, मीही सगळ्याच बाबतीत नाही. पण त्या सात जणी आपल्याच होत्या.

म्हणून मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' (१९९५) पुन्हा काढलं. पुस्तकी वळणाची सवय असलेल्या वाचकाला त्यातली मराठी साधी वाटेल. ती समोर बसून बोलणाऱ्या बाईची मराठी आहे. नवऱ्याची चळवळ, त्याचा मूत्रपिंडाचा आजार, घरातली ओढाताण, लोकांचे टोमणे, सारं त्याच एका सुरात येतं. ती त्याची भक्त होऊन लिहीत नाही आणि गाऱ्हाणंही मांडत नाही. रझियाची जी गोष्ट मला 'झुंड'मध्ये पूर्ण पाहायची होती, तिच्या जवळपासचं काहीतरी मला या पुस्तकात मिळालं. यावर कोणी मालिका काढील का, असं मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काढतील, पण तिला हिंदीत बोलायला लावतील."

पुस्तक सध्या अम्मीच्या उशाशी आहे. जाहिराती लागल्या की ती चष्मा चढवून दोन पानं वाचते, आणि आवडलेलं काकूंना मोठ्यानं वाचून दाखवते.