‘फँड्री’ बघताना कोण कुठं हसलं

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ला लागला तेव्हा मी अकरावीला होतो. आम्ही परांड्याची चार पोरं एसटीनं बार्शीला गेलो ते अजय-अतुलच्या गाण्यापायी. प्रेमाचा दिवस, शाळेतलं प्रेम, आणि नागराज मंजुळे तर जेऊरचा, म्हणजे शेजारच्या करमाळा तालुक्यातला. गाणं पिक्चरमध्ये आलंच नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी पैसे परत मागायची भाषा केली. मला आज ती फसवणूक बरी वाटते. फँड्री म्हणजे कैकाडीत डुक्कर, हे आधी कळलं असतं तर आम्ही एसटीत बसलोच नसतो.

थिएटरात सगळ्यात जास्त हशा झाला तो डुक्कर पकडण्याच्या प्रसंगाला. कचरू माने (किशोर कदम), त्याची बायको, पोरी आणि लपत-छपत जब्या चिखलातून डुकरामागं धावतायत. गाव कडेला बसून मॅच बघावी तसं बघतंय. कॅमेरा कधी मान्यांबरोबर धापा टाकतो, कधी लांब जाऊन बघ्यांत बसतो. तो बघ्यांत बसला की आम्ही हसायचो. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. तिथं तर टाळ्याच पडल्या. शालूही हसते. म्हणजे आमचं हसणं शालूच्या हसण्यासारखंच होतं. खुनशी नव्हतं, पण होतं.

माझ्या शेजारचा मित्र हसत नव्हता. त्याचं घर कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत होतं, पण पिक्चर बघताना ते माझ्या डोक्यात नव्हतं.

मग जब्याचा दगड थेट पडद्यातून आला आणि अंधार झाला. मी मान बाजूला घेतली. त्यानं घेतली नाही. परतीच्या एसटीत एक जण म्हणाला, ‘‘शेवट काय कळला नाही राव.’’ हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, ‘‘मला कळला की.’’

या दगडाबद्दल पुढं पुष्कळ वाचलं. तो प्रेक्षकावर भिरकावलाय, सगळ्या समाजावर भिरकावलाय, वगैरे. यात ‘प्रेक्षक’ एकच आहे असं धरून चाललेलं असतं. त्या थिएटरात निदान दोन होते. एकावर दगड आला आणि दुसऱ्याच्या हातून सुटला. एकाच तिकिटाच्या दरात दोन वेगळे पिक्चर.

गेल्या वर्षी पुण्यात फ्लॅटवर प्रोजेक्टर लावून ऑफिसातल्या मित्रांना तो दाखवला. सगळे सिनेमाचे जाणते. मेलेलं डुक्कर बांबूला उलटं टांगून नेतायत आणि मागं शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, ही फ्रेम थांबवून आम्ही दोनदा बघितली. फ्रेम जबरदस्त आहे, वाद नाही. पण मला आता तीच चित्रपटातली कच्ची जागा वाटते. ती प्रेक्षकाला हुशार व्हायची सोय करून देते. ‘बघ, मला विरोधाभास कळला’ म्हणायला तिथं भरपूर वेळ मिळतो. डुकराच्या पळापळीत तो मिळत नाही. तिथं हसू आधी येतं आणि आपण कुठं बसलोय ते मागाहून कळतं. मंजुळेंचं खरं कसब मला त्या पळापळीत दिसतं. ‘सैराट’च्या शेवटाला सगळं थिएटर एकदम गप्प झालेलं मी बघितलंय, पण तिथं कुणाच्या बाजूला बसायचं हे आधीच ठरलेलं असतं.

पुण्यात राष्ट्रगीताच्या प्रसंगाला कुणी हसलं नाही. कुठं गंभीर राहायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकानं तर ‘आता बघ हं’ म्हणून आधीच सांगितलं. बार्शीच्या त्या गलक्यात चित्रपटाला जे करायचं होतं ते इथं करताच येईना, कारण आमच्यातलं कुणी बघ्यांत बसायलाच तयार नव्हतं. दगड आला तेव्हा कुणाची मान हलली नाही. माझीही नाही. मग कुणीतरी दिवा लावला आणि जेवायला काय मागवायचं यावर चर्चा सुरू झाली.