वेटोळ्याचे टोक
बोधचिन्हांतील सर्पिल आकृतीविषयी काही विचार

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव श्रीनृसिंहाच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील तेथील स्थानकाचे नावही ‘पोखर्णी नृसिंह’ असेच आहे. या पंचक्रोशीत आपली मोजकीच कुटुंबे राहतात आणि त्यांच्या भेटीसाठी माझे तिकडे अधूनमधून जाणे होते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका भेटीत कडुलिंबाखाली बसलेल्या मंडळींना मी आमच्या धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाचे बोधचिन्ह दाखविले. युवकांनी ते संगणकावर मोठ्या हौसेने तयार केले होते. मधोमध क्रूस, त्याभोवती पाच वेढ्यांचे निळे वेटोळे, शेवटचा वेढा बाहेरच्या वर्तुळाला मिळून बंद झालेला आणि त्या वर्तुळावर धर्मग्रामाचे नाव, असे ते चित्र होते. मला ते आवडले होते आणि मी त्यास संमतीही देऊन बसलो होतो.

चित्र पाहताच एक लहान मुलगा म्हणाला, “फादर, ही तर मच्छर अगरबत्ती!” सगळे हसले. मीही हसलो. मग तो कागद एका वृद्ध मावशींच्या हाती गेला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, “फादर, ह्यात आमची लेकरं कुठं हायेत?” मावशींचे दोन्ही मुलगे दिवाळीनंतर बायकापोरांसह ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. महोत्सव जानेवारीत ठरला होता.

हे दोन अभिप्राय घेऊन मी परतलो. त्यानंतर जिकडेतिकडे दिसणाऱ्या वेटोळ्यांकडे मी अधिक लक्षपूर्वक पाहू लागलो. संस्था, पतपेढ्या, शाळा, संगणकवर्ग आणि औषधांची दुकाने या साऱ्यांना आज आपल्या बोधचिन्हात एखादे वेटोळे हवे असते. विचारले तर ‘प्रगती’, ‘ऊर्जा’, ‘गती’ अशी उत्तरे मिळतात. परंतु आकृतीवर अर्थ असा वरून चिकटविता येत नाही. तो तिच्या घडणीतच असावा लागतो.

प्रथम त्या मुलाच्या अभिप्रायाकडे वळू. वेटोळी मुख्यतः दोन जातींची असतात. पहिल्या जातीत प्रत्येक वेढ्यातील अंतर सारखेच राहते. चकली, गुंडाळलेली दोरी, डास पळविणारी अगरबत्ती ही तिची घरगुती उदाहरणे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीज या ग्रीक पंडिताने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दुसऱ्या जातीत आकृती जसजशी बाहेर येते तसतसे वेढ्यांतील अंतर वाढत जाते. पोखर्णीच्या देवळाबाहेर विकायला मांडलेल्या शंखांत ही जात दिसते. शंखातील जीव वाढतो तेव्हा तो आपले जुने घर मोडत नाही. त्याच्याच तोंडाशी तो नवा भाग बांधतो आणि तरीही एकंदर आकार मूळचाच राहतो. पहिले वेटोळे नुसते गुंडाळले जाते. दुसरे वाढते.

हा भेद केवळ गणितज्ञांच्या कामाचा नाही. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील याकोब बेर्नुली या गणितज्ञाला वाढत्या अंतराच्या वेटोळ्याने मोहिनी घातली होती. विपत्तीत टिकणाऱ्या धैर्याचे आणि मृत्यूनंतर पुन्हा उठणाऱ्या मानवी देहाचे ते प्रतीक होऊ शकते, असे त्याने लिहून ठेवले. ‘पालटलो, तरी तोच होऊन मी पुन्हा उठतो’ अशा आशयाच्या लॅटिन शब्दांसह ही आकृती आपल्या थडग्यावर असावी, अशी त्याची इच्छा होती. १७०५ साली तो निवर्तला. शब्द कोरले गेले, आकृतीही कोरली गेली, परंतु पाथरवटाने कोरली ती समान अंतराची आकृती! बासेलच्या महामंदिरात ती शिळा आजही आहे. शब्द पुनरुत्थानाचे आणि चित्र मात्र गुंडाळलेल्या दोरीचे. आपल्याकडील पुष्कळ बोधचिन्हांचा दोष नेमका हाच आहे आणि आमच्या चित्राचाही तोच होता. आम्ही पंचवीस वर्षांच्या वाढीविषयी बोलत होतो, पण काढली होती अगरबत्ती. मुलाचे काही चुकले नव्हते.

आता एका यशस्वी बोधचिन्हाकडे पाहू. आपल्या पिढीला सर्वांत परिचित असलेले वळणदार चिन्ह दूरदर्शनचे. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळे झाले. त्या सुमारास अहमदाबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’मधील देबाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने काढलेले चिन्ह त्याच्यासाठी स्वीकारले गेले. मध्ये एक गोल आणि त्याला वरून व खालून कवेत घेणारे दोन वळणदार आकार. काटेकोरपणे पाहता हे वेटोळे नव्हे, तो डोळा आहे. पण पडद्यावर ते आकार गिरक्या घेत येत आणि पंडित रविशंकर यांच्या नावाशी जोडलेली ती संथ धून संपता संपता डोळ्याच्या रूपात स्थिर होत. गावात एकच संच आणि त्यापुढे अर्धे गाव, अशा काळात ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनात ती गिरकी कायमची राहिली आहे. या चिन्हाचे सामर्थ्य असे की त्यातील गती कोठे जाऊन थांबते हे आपल्याला कळते. सारी वळणे बुबुळापाशी येतात आणि ‘पाहणे’ हेच तर त्या संस्थेचे काम होते. मात्र तेच चिन्ह कागदावर निश्चल छापले की निम्मे होते, हेही मान्य करावे लागेल. एप्रिल २०२४ मध्ये दूरदर्शनच्या वृत्तवाहिनीने आपल्या चिन्हाचा रंग लालवरून केशरी केला, तेव्हा सारा वाद रंगावर झाला. जवळजवळ पन्नास वर्षे टिकून राहिलेल्या त्या आकाराविषयी फारसे कोणी बोलले नाही.

दूरदर्शनच्या चिन्हाला केंद्र आहे, पण मावशींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. डोळा आपल्याकडे पाहतो, त्यात आपण नसतो. ते उत्तर मला वारली चित्रांत सापडले. पालघर भागातील वारली बांधव तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर तारपा नृत्य रेखाटतात. मध्ये दुधी भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजविणारा उभा असतो. त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या स्त्रीपुरुषांची रांग वळत वळत बाहेर येते. भास्कर कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही कला बाहेरच्या जगापुढे आणली. जिव्या सोमा मशे यांनी ती देशोदेशी नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. या वेटोळ्याची विशेष गोष्ट म्हणजे त्याचे बाहेरचे टोक मोकळे असते. शेवटच्या नर्तकाचा एक हात रिकामा असतो. उशिरा आलेल्याने तो हात धरला की तोही नृत्यात सामील होतो. त्याला जागा करून देण्यासाठी कोणाची साखळी तोडावी लागत नाही.

आज हीच आकृती साड्यांवर, पेल्यांवर, कार्यालयांच्या भिंतींवर आणि बोधचिन्हांतही दिसते. ती लोकप्रिय झाली याचा आनंदच आहे. परंतु नीट पाहिले असता अनेकदा दोन गोष्टी हरवलेल्या आढळतात. तारपावाला गाळलेला असतो आणि चौकटीत नेटके बसावे म्हणून रांगेचे टोक जोडून तिचे बंद कडे केलेले असते. सूर ज्याच्याकडून येतो तोही गेला आणि येणाऱ्याची जागाही गेली! राहिली ती नक्षी. वारली बांधवांनी भिंतीवर समाज रेखाटला होता, आपण त्याची किनार करून टाकली.

दुसऱ्यांचे दोष दाखविताना आपले घरही पाहिले पाहिजे. ख्रिस्तसभेचे स्वतःचे एक प्राचीन वेटोळे आहे, ते म्हणजे बिशपमहोदयांच्या हातातील धर्मदंडाचे वळलेले टोक. मराठवाड्यातील शेळ्यामेंढ्या राखणारे लांब काठीला आकडी बांधतात आणि बाभळीची फांदी खाली ओढून शेंगा जित्राबांच्या तोंडाशी आणतात. आपल्या धर्मदंडाचे मूळही मेंढपाळाच्या अशाच काठीत पाहिले जाते. बाराव्या-तेराव्या शतकांत फ्रान्समधील लिमोज येथील कारागिरांनी मिनाकाम केलेले धर्मदंड घडविले. त्यांच्या वळणात कोठे देवदूत मरियेला संदेश देत आहे, तर कोठे संत मिखाएल अजगराशी झुंजत आहे. त्यांनी वळण अनेकदा रिकामे सोडले नाही. उपासनेचा नियम असा की बिशपमहोदयांनी दंड धरताना त्याचे वळलेले टोक लोकांकडे असावे. म्हणजे हे वेटोळेही स्वतःभोवती मिटून घेत नाही. ते कळपाच्या दिशेने उघडते.

एक गोष्ट येथे आठवते. १९६९ साली रोमहून आलेल्या एका आदेशाने बिशपांच्या कुलचिन्हांतून धर्मदंड व मुकुट काढण्यास सांगितले. दंड उपासनेत राहिला, चिन्हावरून उतरला. मला त्यात शहाणपण दिसते. जी वस्तू हाती घेऊन माणसांकडे जायचे असते ती कागदावर मिरविली नाही तरी चालते.

यावरून बोधचिन्हातील वेटोळ्याची पारख करण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत असे मला वाटते. ते वाढते आहे की नुसते गुंडाळले आहे? त्याच्या मध्यभागी कोण आहे? आणि त्याचे बाहेरचे टोक मोकळे आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांकडे कुशल चित्रकाराचे लक्ष असते. तिसरा प्रश्न सहसा राहून जातो, कारण बंद आकृती अधिक पूर्ण, अधिक देखणी भासते. ज्यांना नेहमी आत जागा असते त्यांना तर तिच्यात काही उणे आहे हे कळतही नाही. मलाही ते कळले नव्हते.

युवकांपुढे मी हे सारे मांडले, तेव्हा वाद झाला. “टोक मोकळे सोडले तर चित्र अपुरे वाटेल,” असे एकाने सांगितले. “बाहेरचे वर्तुळच नसेल तर त्याचा रबरी शिक्का कसा करायचा?” असे दुसऱ्याने विचारले. दोन्ही आक्षेप रास्त होते आणि दुसऱ्याला माझ्यापाशी उत्तरही नव्हते. शेवटी क्रूस मध्येच राहिला. वेढे पाचांचे तीन झाले आणि त्यांतील अंतर वाढत गेले. शेवटचा वेढा खालच्या बाजूस मोकळा सोडला. नाव वर्तुळाऐवजी शेजारी एका ओळीत आले. शिक्का चौकोनी करावा लागला. पूर्वीच्या चित्राइतके हे सुबक नाही, हे मी मान्य करतो.

पण खरा प्रश्न चित्राचा नव्हताच. टोक मोकळे काढून महोत्सव जानेवारीतच ठेवला असता तर ते चिन्ह खोटे ठरले असते. धर्मग्राम मंडळाची त्यासाठी दोनदा बैठक झाली. जानेवारीत पाहुण्यांची सोय होती, मांडववाल्याला विसार दिला होता, उन्हाचा त्रास नव्हता. तरीही मंडळाने महोत्सव मे महिन्यात, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परतल्यावर, घेण्याचे ठरविले. विसाराचे पैसे बुडाले.

वाचकहो, आपापल्या धर्मग्रामाचे, शाळेचे, पतपेढीचे बोधचिन्ह एकदा काढून पाहा. त्यात वेटोळे असेल तर त्याचे टोक बोटाने शोधा. ते बंद आढळले तर चित्रकाराला दोष देण्याआधी आपली नोंदवही, आपल्या सभांच्या वेळा आणि सणांच्या तारखा तपासाव्यात. त्यामुळे कोण बाहेर राहते, हे तेथे कळेल. चित्र नंतर सुधारता येईल.