बाणाची दिशा आणि नाटकाचे मूळ : झाडीपट्टी रंगभूमीच्या निमित्ताने

वाङ्मयेतिहासात ‘प्रभाव’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो, की तो मुळात एका बाणाचे शब्दरूप आहे याचा विसर पडतो. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे म्हणताच एक देणारा ठरतो आणि दुसरा घेणारा. अशी विधाने वाक्यांऐवजी चित्रांतून मांडण्याची साधने आता संगणकाने अभ्यासकाच्या हाती दिली आहेत. बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण एवढ्याच सामग्रीतून उभ्या राहणाऱ्या या आकृतीस दिशायुक्त आलेख म्हणतात. या आकृतीची चिकित्सा एखाद्या संहितेच्या चिकित्सेइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

साहित्यव्यवहारात अशा जाळ्यांना प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने फ्रांको मोरेत्ती यांच्या लेखनामुळे. २०११ साली ‘हॅम्लेट’मधील पात्रांचे जाळे मांडताना, आपल्या रेषांना वजन नाही आणि दिशाही नाही, ही उणीव त्यांनी स्वतःच नोंदवली होती. कोण कोणाशी बोलले, हे त्या रेषेतून कळत नव्हते. दिशा आली की ही उणीव दूर होईल, अशी अपेक्षा त्यात अनुस्यूत आहे. परंतु दिशा आल्याने नवे प्रश्न कोणते निर्माण होतात, याचा विचार मराठीत फारसा झालेला दिसत नाही.

येथे साधनांच्या कार्यपद्धतीकडे थोडे वळणे अपरिहार्य आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या ‘ग्राफविझ’ या आज्ञावलीसंचाची ‘डॉट’ ही पद्धत बिंदूंची थरांत मांडणी करते. बाण सामान्यतः वरून खाली येतात. १९८१ साली सुगियामा आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या थररचनेच्या कल्पनेशी तिचे जवळचे नाते आहे. याउलट, २००८ साली फ्रान्समध्ये आरंभ झालेल्या ‘गेफी’त बिंदू परस्परांना दूर लोटतात, रेषा त्यांना जवळ ओढतात आणि या ओढाताणीतून चित्र स्थिरावते, तेथे स्थाननिश्चितीत दिशेला मुख्यतः महत्त्व नसते. म्हणजे एक पद्धत दिशेला उच्चनीचतेचे रूप देते, तर दुसरी तिला जवळजवळ गौण मानते. दोन्ही पद्धती निर्दोष गणितावर उभ्या आहेत. आणि दोन्ही, समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर, भाष्य करीत आहेत.

पदव्युत्तर वर्गात झाडीपट्टी रंगभूमी शिकविताना आम्ही ‘डॉट’ वापरून एक लहान आकृती करून पाहिली. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, चंद्रपूर-गडचिरोलीपासून भंडारा-गोंदियापर्यंत पसरलेल्या या रंगभूमीचे व्यावसायिक केंद्र वडसा, म्हणजेच देसाईगंज. वाङ्मयेतिहासाच्या रूढ क्रमाने आम्ही लिहिले : विष्णुदास भावे यांची १८४३ ची सांगली, तेथून बाण मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीकडे, तेथून वडशाकडे, वडशाहून गावांकडे. त्यानंतर झाडीतील मूळ लोकनाट्याचा, दंडारीचा, एक बिंदू जोडून त्याचाही बाण वडशाकडे वळविला.

चित्र उमटले तेव्हा सांगली शिखरावर होती आणि गावे तळाशी. हे अपेक्षितच होते. विचारात पाडणारी गोष्ट दंडारीच्या स्थानाची होती. सांगलीप्रमाणेच दंडारीकडेही कोणताच बाण येत नव्हता, दोन्ही आरंभबिंदूच. तरीही दंडार सांगलीच्या खालच्या थरात, मुंबई-पुण्याच्या शेजारी बसली. कारण साधे आहे. बाणांची एकूण लांबी कमीत कमी ठेवणे हे या पद्धतीचे उद्दिष्ट असते, आणि दंडारीपासून वडशापर्यंत एकच पायरी होती. पण हे कारण ठाऊक नसलेला वाचक त्या चित्रातून काय वाचील? दंडार नंतरची आहे, किंवा उण्या प्रतीची आहे, असेच. रेषा वाचविण्यासाठी केलेली काटकसर इतिहासाचा निवाडा होऊन बसते.

आता बाणाचा अर्थ बदलून पाहू. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावातील मंडळ वडशाला येऊन नाट्यसंस्थेचा प्रयोग ठरविते. गावात पाहुणे उतरतात, शंकरपट, मंडई यांच्या जोडीने रात्रभर नाटक चालते, आणि त्याच गर्दीत सोयरिकीही जुळतात. बाण ‘निमंत्रणा’चा मानला तर तो गावाकडून वडशाकडे आणि प्रसंगी वडशाहून मुंबई-पुण्याच्या नटांकडे जातो. बिंदू तेच, पण आकृती उलटी होते. तळाशी असलेले गाव शिखरावर येते आणि ज्याला आपण ‘ग्राहक’ म्हणत होतो तोच या व्यवहाराचा प्रवर्तक ठरतो.

यापैकी खरी आकृती कोणती? दोन्ही खऱ्या आहेत, आणि म्हणूनच दोन्ही एका चित्रात याव्यात असे वाटते. पण वडसा गावाला प्रयोग देते आणि गाव वडशाला निमंत्रण देते, हे एकत्र मांडले की चक्र तयार होते, आणि थरांच्या रचनेला चक्र पचत नाही. अशा वेळी आज्ञावली थर ठरविण्यापुरता एक बाण मनातल्या मनात उलटा धरते. कोणता, हे बिंदू आणि बाण कोणत्या क्रमाने लिहून दिले आहेत त्यावर अवलंबून असते. १९९३ साली या पद्धतीच्या कर्त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात तसे नमूदही आहे. केवळ हे दोन बिंदू घेऊन पाहिले तर वडसा प्रथम लिहिल्यास वडसा वर, गाव प्रथम लिहिल्यास गाव वर. आपण ज्याचे नाव आधी घेतो त्याला उच्चासन मिळते, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासाला अपरिचित म्हणता येणार नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की दोष साधनाचा नसून वापरणाऱ्याचा आहे. दिशा डावीकडून उजवीकडे करता येते, आणि परस्परसंवादी साधनांत बिंदू बोटाने उचलून हवा तेथे ठेवता येतो. हे मान्य. परंतु बिंदू हलविल्याने बाणाचा अर्थ बदलत नाही. बाण हे मुळात क्रियापद आहे. ‘शिकविले’, ‘बोलाविले’, ‘उचलले’, ‘आधी घडले’ या चार क्रियांसाठी एकच चिन्ह वापरले, की त्यांतील भेद पुसला जातो आणि मागे उरते ते ‘प्रभाव’ नावाचे धूसर नाम. विभक्तीविना वाक्य लिहिण्यासारखाच हा प्रकार होय.

म्हणून अशा आकृत्यांकडून तीन किमान अपेक्षा ठेवाव्यात : प्रत्येक बाणाचे क्रियापद लिहिलेले असावे, चक्र मोडताना कोणता बाण उलटा धरला ते सांगितलेले असावे, आणि एकाच सामग्रीची निदान दोन चित्रे शेजारी ठेवलेली असावीत. याचा अर्थ ही साधने टाकाऊ आहेत असा नव्हे. झाडीपट्टी ही मुख्य प्रवाहाची दूरची शाखा, हे गृहीत आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. त्याला तडा गेला तो एका बिंदूच्या चुकीच्या थरामुळे. वाक्यात जे खपून जात होते ते चित्रात डोळ्यांना खुपले. गावातले मंडळ दरवर्षी वडशाला जाऊन नाटक ठरविते. आपल्या वाङ्मयेतिहासात त्या जाण्याचा बाण अद्याप काढलेला नाही.